गाव लहान, मत जड

१० मार्च २०२२ रोजी गोवा विधानसभेची मतमोजणी झाली. डिचोली मतदारसंघात अपक्ष उमेदवार डॉ. चंद्रकांत शेट्ये यांना ९,६०८ मते पडली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) नरेश सावळ यांना ९,२९०. फरक ३१८ मतांचा. कदंबच्या सहा-सात बसगाड्यांत बसतील एवढी ही माणसे. त्यातल्या १६० जणांनी शेजारचे बटण दाबले असते, तर डिचोलीचा आमदार वेगळा असता. त्याच दिवशी शेजारच्या साखळीत खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत ६६६ मतांनी तरले. पेडणे तालुक्यातल्या मांद्रे मतदारसंघाचा निकाल ७१५ मतांनी लागला, फोंड्याचा ७७ आणि सांत आंद्रेचा अवघ्या ७६ मतांनी.

डिचोलीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या मुळगावात एखादा मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची होते, तेव्हा घरात परवान्याची, कॉलेजच्या प्रवेशाची, नोकरीची चर्चा होते. मतदार यादीचा विषय निघालाच, तर ‘बघू मागीर, निवडणूक आली की’ म्हणून पुढे ढकलला जातो. समाजमाध्यमांवर खाणीबद्दल, रस्त्यांबद्दल, पाण्याबद्दल पोटतिडकीने लिहिणाऱ्या तरुणाचेही नाव यादीत नसते, असे बरेचदा आढळते. गावाबद्दल कळकळ आहे आणि मत नाही, अशा तरुणाची ही कळकळ फुकट जाते. ती कशी, हे समजून घ्यायला भावनेपेक्षा हिशेब आणि थोडा इतिहास उपयोगी पडेल.

मताचे वजन

आधी हिशेब. २०२२ साली गोव्यात साडेअकरा लाखांच्या थोडे वर मतदार होते आणि विधानसभेच्या जागा ४०. म्हणजे एका आमदारामागे सरासरी एकोणतीस हजार मतदार. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला सुमारे नऊ कोटी सत्तर लाख मतदार आणि २८८ जागा होत्या. तिथे एका आमदारामागे साधारण तीन लाख छत्तीस हजार मतदार येतात. दोडामार्गात राहणाऱ्या मावसभावाच्या मतापेक्षा डिचोलीतल्या भावाचे मत विधानसभेपुरते अकरा-बारा पट जड आहे. दोघांची गावे एकमेकांना लागून, पण तराजू वेगळे.

पंचायतीत हे वजन आणखी वाढते. गोव्यातल्या पंचायतीत लोकसंख्येनुसार पाच ते अकरा पंच असतात आणि प्रत्येक पंचाचा प्रभाग स्वतंत्र. बहुतेक प्रभागांत मतदार काही शेच. त्यात उमेदवार तीन-चार असले की विजयी पंचाला पडलेली मते आणि हरलेल्याला पडलेली मते यांत एखाद्या वाड्यावरच्या दोन कुटुंबांएवढाच फरक राहतो. मते समसमान पडली तर कायद्याने चिठ्ठी टाकून निकाल लावायचा असतो. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात हे घडले. भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना सारखी मते पडली आणि चिठ्ठीने शहा निवडून आले. त्या प्रभागात घरी बसलेल्या कुठल्याही एका माणसाने बाहेर पडून या दोघांपैकी एकाला मत दिले असते, तर चिठ्ठीची वेळच आली नसती. राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात २००८ साली काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले. ते तेव्हा मुख्यमंत्रिपदाच्या स्पर्धेत होते.

अशी उदाहरणे दुर्मीळच, हे मान्य केले पाहिजे. आपले एकच मत निर्णायक ठरण्याची शक्यता लहान गावातही कमीच असते. पण मत मोजणारे लोक फक्त कोण जिंकला एवढेच पाहत नाहीत. निकालानंतर निवडणूक अधिकारी ‘फॉर्म २०’ नावाचा तक्ता तयार करतात. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली, हे लिहिलेले असते आणि तो तक्ता कोणालाही पाहता येतो. कोणी कोणाला मत दिले ते गुप्त राहते, पण कोणत्या केंद्राने कोणाला साथ दिली ते गुप्त राहत नाही. शिवाय मतदानाच्या दिवशी उमेदवाराचे एजंट यादी समोर ठेवून आलेल्या प्रत्येक नावावर खूण करत असतात. संध्याकाळी त्यांना ठाऊक असते, की अमुक वाड्यावरची वडीलधारी मंडळी झाडून आली आणि विशीतली पोरे फिरकली नाहीत. पुढच्या पाच वर्षांत कोणाच्या दारात किती वेळा जायचे, हे या खुणा ठरवतात. तरुणांच्या मागण्यांकडे राजकारणी दुर्लक्ष करतात अशी तक्रार असते. त्याचे एक साधे कारण या यादीत सापडते.

जन्माने मिळणारा आवाज

आता इतिहास. गोव्याला गावाच्या कारभाराची परंपरा जुनी आहे. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावची जमीन, बांध, मानशी, देऊळ यांचा कारभार ‘गावकरी’ ही संस्था पाहत असे. पोर्तुगीजांनी १५२६ साली आफोंसो मेशिया याच्या ‘फोराल’मध्ये तिसवाडीतल्या गावांचे हे रिवाज लिहून काढले. पुढे या संस्थेला कोमुनिदाद हे नाव मिळाले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे आले, म्हणून त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. इथल्या गावांतही गावकरीचा रिवाज होता.

या व्यवस्थेचे कौतुक बरेच होते आणि ते काही अंशी रास्तही आहे. बांध फुटला तर तो लिस्बनहून कोणी येऊन दुरुस्त करणार नव्हता. ते काम गाव स्वतः करत असे. पण त्या बैठकीत बोलण्याचा अधिकार गावकाराच्या पोटी जन्मलेल्या पुरुषालाच होता. बाई घरची असो की बाहेरची, तिला तिथे जागा नव्हती. भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारा मुंडकार, दुसऱ्याचे शेत कसणारे कूळ, बाहेरून येऊन चार पिढ्या गावात घाम गाळलेले कारागीर यांचे म्हणणे कोणी विचारत नसे. गाव त्यांच्या श्रमावर चाले आणि निर्णय त्यांच्याशिवाय होत.

वरच्या पातळीवरही तेच. पोर्तुगालच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी १८२२ पासून निवडले जात होते, बेर्नार्दो पेरिश द सिल्वा हे त्यातले पहिल्या काळातले मोठे नाव. पण मताधिकार मूठभरांचा. सालाझारच्या राजवटीत तर लिहिता-वाचता येणे किंवा ठरावीक कर भरणे अशा अटी होत्या, आणि ज्याला मत होते त्यालाही विरोधी पक्ष निवडण्याची मोकळीक नव्हती. शाळाच नसलेल्या गावात अक्षरओळखीची अट म्हणजे दार बंद करण्याचाच प्रकार होता.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि भारतीय संविधानाचे ३२६ वे कलम इथे लागू झाले. त्यानुसार ठरावीक वय पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला मत मिळते, मग त्याचे कूळ, शिक्षण, मालमत्ता काही का असेना. तेव्हा हे वय एकवीस होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १९८९ पासून अठरा झाले. १९६२ मध्ये पंचायतींचा कायदा आला आणि ९ डिसेंबर १९६३ ला विधानसभेची पहिली निवडणूक झाली. सिंहाच्या निशाणीवर मगो, हाताच्या निशाणीवर युनायटेड गोवन्स. पिढ्यान् पिढ्या अंगणात उभे राहून बोलणारा मुंडकार त्या दिवशी भाटकाराच्या मागेपुढे एकाच रांगेत उभा राहिला, आणि पेटीत पडल्यावर दोघांच्या कागदाचे वजन सारखे झाले. मगो सत्तेवर आला. २० डिसेंबर १९६३ ला दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले.

कागदाचा कायदा झाला

त्या मतांचे पुढे काय झाले, हे पाहिले म्हणजे मत दिल्याने बदल होतो की नाही, या वादाला उत्तर मिळते. ज्या बहुजन समाजाने बांदोडकरांना निवडून दिले, त्याच्या घरात मुले होती आणि गावात शाळा नव्हती. सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. आज डिचोली-पेडण्यात साठीत-सत्तरीत असलेली कितीतरी माणसे घराण्यातली पहिली शिकलेली पिढी आहेत. पुढे १९६४ साली कूळ कायदा आला. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ साली मुंडकार संरक्षण कायदा झाला, म्हणजे भाटकाराला मनात येईल तेव्हा घरातून बाहेर काढता येईना. १९७६ साली कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती होऊन कसेल त्याची जमीन हे तत्त्व गोव्यात आले.

या कायद्यांची अंमलबजावणी अपुरी राहिली, मुंडकारांचे दावे मामलेदार कचेऱ्यांत वर्षानुवर्षे पडून राहिले, हेही खरेच. मयेसारख्या गावात तर जमीन सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात अडकली आणि घरांच्या मालकीसाठी लोकांना कित्येक दशके भांडावे लागले. त्यासाठीचा स्वतंत्र कायदा २०१४ मध्ये झाला. पण ज्या माणसाचे मत मोजले जात नाही, त्याच्यासाठी कायदा करण्याची गरज कोणत्याच सरकारला वाटत नाही. चारशे वर्षांत जे कोणाला सुचले नाही, ते पहिल्या मतदानानंतरच्या पंधरा वर्षांत झाले. त्यामागे दयाळूपणा कमी आणि यादीतली नावे जास्त होती.

हरलेल्या मताचे मोल

‘माझा उमेदवार पडणारच आहे, मग जाऊन काय करू’ हे वाक्यही कानावर येते. त्याला उत्तर द्यायला १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल पुरेसा आहे.

प्रश्न असा होता, की गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे. विलीनीकरणासाठी फूल ही निशाणी, वेगळे राहण्यासाठी दोन पाने. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकर सरकारने आधीच राजीनामा दिला होता. दुसऱ्या बाजूला युनायटेड गोवन्सचे डॉ. जॅक सिक्वेरा उभे होते. मतदार होते ३,८८,४३२ आणि मतदान झाले ३,१७,६३३ जणांचे. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजार एकवीस मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला.

पेडणे, डिचोली, सत्तरी हा मगोचा बालेकिल्ला. इथे फुलाचा जोर होता, म्हणजे या भागातल्या बहुसंख्य मतदार त्या दिवशी हरले. त्यांची मते वाया गेली का? दोन-अडीच महिन्यांनी मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि तोच मगो, तेच बांदोडकर पुन्हा सत्तेवर आले. कौलात हरलेल्या १,३८,१७० माणसांचे अस्तित्व आकड्यांत नोंदले गेले होते. गोवा वेगळा राहील, पण त्याच्या कारभारात या माणसांना डावलता येणार नाही, हे सगळ्यांना कळून चुकले होते. त्या मतदारांनी रुसून घरी बसायचे ठरवले असते तर? कौल तर गेलाच होता, पाठोपाठ सरकारही गेले असते.

आणखी एक गोष्ट या कौलातून शिकण्यासारखी आहे. मुंबईत त्या काळी गोमंतकीयांची मोठी वस्ती होती. त्यातल्या अनेकांचे गोव्यावर जिवापाड प्रेम होते आणि आपल्यालाही मत द्यायला मिळावे, अशी मागणीही झाली. ती मान्य झाली नाही. मत मिळाले ते गोव्याच्या यादीत नाव असलेल्यांना. गावावरचे प्रेम आणि गावच्या यादीतले नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोजली जाते ती दुसरी.

पळणाऱ्यांचा हिशेब

गोव्यातल्या तरुणाचा सगळ्यात मोठा राग पक्षांतरावर आहे आणि तो समजण्यासारखा आहे. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार एका फटक्यात भाजपमध्ये गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये, निवडणूक होऊन सहा-सात महिने होतात न होतात तोच, आणखी आठ गेले. आम्ही एका निशाणीचे बटण दाबतो आणि आमदार दुसऱ्याच निशाणीत निघतो, मग मत द्यायचे कशाला, असा प्रश्न कट्ट्यावर विचारला जातो.

पक्षांतरबंदी कायद्यातली पळवाट मतदाराला बुजवता येत नाही. दोन-तृतीयांश आमदार एकत्र गेले तर कायदा त्याला विलीनीकरण म्हणतो. पण मतदाराच्या हाती काहीच नाही, असेही नाही. २०१९ मध्ये दहा जणांचे नेतृत्व करून उपमुख्यमंत्री झालेले चंद्रकांत कवळेकर २०२२ मध्ये केप्यातून हरले. त्याच दहांतले फ्रान्सिस सिल्वेरा सांत आंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्स या नव्या पक्षाच्या वीरेश बोरकर या तरुण उमेदवाराकडून हरले, आणि सुरुवातीला उल्लेख केलेली ७६ मते ती हीच.

मांद्र्याची गोष्ट तर पेडण्यातल्या प्रत्येक तरुणाला पाठ असायला हवी. २०१७ साली तिथले लक्ष्मीकांत पार्सेकर विद्यमान मुख्यमंत्री होते. मतदारांनी त्यांना सात हजारांहून अधिक मतांनी पाडले आणि काँग्रेसचे दयानंद सोपटे यांना निवडून दिले. सोपटे यांनी २०१८ मध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला, २०१९ ची पोटनिवडणूक जिंकली आणि २०२२ मध्ये मगोच्या जीत आरोलकरांकडून ७१५ मतांनी हरले. पाच वर्षांत एका मतदारसंघाने मुख्यमंत्र्यालाही घरी बसवले आणि त्याला हरवणाऱ्यालाही. पक्ष बदलणारे काही जण पुन्हा निवडूनही आले, हे खरे. तिथल्या मतदारांनी वेगळा हिशेब केला. पण हिशेब करण्याचा दिवस पाच वर्षांतून एकदा येतो आणि त्या दिवशी जो हजर असतो तोच तो करतो.

यादीत नाव, सभेत खुर्ची

मतदार यादीचा एक उपयोग बहुतेक तरुणांना माहीतच नसतो. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ नुसार पंचायत क्षेत्राच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे, तो ग्रामसभेचा सदस्य असतो. त्यासाठी कोणी निवडून द्यावे लागत नाही, वर्गणी भरावी लागत नाही. यादीत नाव आले की सदस्यत्व आपोआप मिळते, आणि ते मतदानाच्या एका दिवसापुरते नसून वर्षभर चालते. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांतल्या एखाद्या रविवारी नेहमीची ग्रामसभा भरते. त्याशिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबरच्या निमित्ताने खास सभा असतात.

पंचायतीच्या सभागृहात रविवारी सकाळी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. दाराशी वही, तिच्यात नाव लिहून सही करायची. सरपंच अध्यक्षस्थानी, शेजारी सचिव. सचिव मागच्या सभेचे इतिवृत्त वाचतो. ‘गटाराचा विषय लिहिलाच नाही’ म्हणून मागून कोणीतरी उठतो. मग जमाखर्च, कामांची यादी, बांधकाम परवान्यांवरून खडाजंगी, कचऱ्याची गाडी, बंद पडलेले पथदीप. अर्धी सभा जुन्या भांडणांत जाते, हे कबूल. पण एखादा विषय नीट मांडून ठराव झाला, तर तो वहीत लिहिला जातो. पुढे सरकारी खात्याकडे, सुनावणीत किंवा कोर्टात गावाचे म्हणणे काय होते, असे विचारले तर त्या वहीचे पान दाखवता येते. समाजमाध्यमावर टाकलेला मजकूर तिथे कोणी वाचत नाही.

मुळगावला या वहीचे महत्त्व जास्त आहे. देवी केळबायचे हे गाव. शिरगावची लईराई, मयेची महामाया यांची ती बहीण, असे लोक मानतात. या बहिणींच्या गावांवरून डिचोली तालुक्याचा खाणपट्टा पसरला आहे. २०१२ मध्ये गोव्यातला खाण व्यवसाय थांबला, मग सुरू झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा बंद पडला. २०२२ मध्ये सरकारने लिलाव सुरू केला. त्यातल्या डिचोलीच्या पहिल्या ब्लॉकचे क्षेत्र ४७८ हेक्टर, आणि त्यात डिचोली, बोर्डे, लामगाव, मये, शिरगाव यांच्यासोबत मुळगावही येते. घरे, देवळे, तळे आणि शेती लीजमधून वगळा, अशी मागणी मुळगावच्या ग्रामस्थांनी लावून धरली. गावात खाणीवर पोट असलेली कुटुंबे आहेत आणि शेतात माती येते म्हणून हैराण झालेले शेतकरीही आहेत. दोघांचेही म्हणणे ऐकले जाण्याची जागा ग्रामसभा हीच.

ग्रामसभेने ठराव केला की खाण थांबते, असे मात्र नाही. खनिजाचे कायदे राज्य आणि केंद्राचे आहेत. तरी गावाच्या मताला किती किंमत येऊ शकते, याचे उदाहरण ओडिशात आहे. नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले. बारा गावांच्या सभा झाल्या आणि बाराही सभांनी नकार दिला. खाण झाली नाही. तिथे वनहक्क कायद्याचा आधार होता, गोव्यातली परिस्थिती तशीच नाही. पण त्या सभांत डोंगराची बाजू मांडायला जे उठले, ते गावच्या यादीतले मतदारच होते.

पंचायतीच्या निवडणुकीचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. जून २०२२ मध्ये गोव्यातल्या बहुतेक पंचायतींची मुदत संपली, तरी निवडणूक होईना, प्रशासक नेमले गेले. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २८ जूनला पंचेचाळीस दिवसांत निवडणूक घ्या, असा आदेश दिला आणि १० ऑगस्टला १८६ पंचायतींचे मतदान झाले. दर पाच वर्षांनी निवडणूक झालीच पाहिजे, हे संविधानात लिहिलेले आहे. तरीसुद्धा ते कोणालातरी कोर्टात जाऊन मागावे लागले. सवयीने मिळणारी गोष्ट कधीही लांबणीवर पडू शकते, एवढे यातून ध्यानात राहावे.

नाव कसे येते, कसे जाते

आता कामाचे. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असतील तरच त्या वर्षी नाव लागे. कायद्यातल्या दुरुस्तीमुळे आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. नव्या नावासाठी फॉर्म ६, पत्ता बदलण्यासाठी किंवा चूक दुरुस्त करण्यासाठी फॉर्म ८, नाव वगळण्यासाठी फॉर्म ७. हे ऑनलाइन भरता येतात किंवा आपल्या केंद्राच्या बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) देता येतात. बीएलओ बहुधा गावातलीच शिक्षिका, अंगणवाडी सेविका किंवा सरकारी कर्मचारी असतो. १९५० हा मदतीचा क्रमांक.

शिकायला किंवा नोकरीला पुणे, मुंबई, बेंगळुरूला गेलेल्यांचा प्रश्न नेहमीचा. कायदा म्हणतो, जिथे तुम्ही साधारणपणे राहता तिथे नाव. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरचा पत्ता ठेवण्याची मुभा आहे. दोन्हीकडे नाव ठेवणे मात्र गुन्हा आहे. परदेशात असलेल्या भारतीय नागरिकाला फॉर्म ६ए भरून गावच्या यादीत नाव ठेवता येते, पण मत द्यायला स्वतः यावे लागते.

नाव एकदा लागले म्हणजे कायमचे, असेही समजू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने मतदार याद्यांच्या विशेष सखोल पडताळणीचा दुसरा टप्पा जाहीर केला. त्यात गोव्याचाही समावेश होता आणि बीएलओ फॉर्म घेऊन घरोघरी फिरले. घर बंद, फॉर्म परत आला नाही, जुन्या यादीशी दुवा जुळला नाही, अशा कारणांनी नावे प्रारूप यादीतून गळू शकतात. ओळखपत्र खिशात असून उपयोग नाही. यादीत नाव नसेल तर केंद्रावरून परत फिरावे लागते. म्हणून प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की आपले आणि घरातल्या म्हाताऱ्यांचे नाव शोधणे हे तरुणाचे पहिले काम. मोबाइलवर दोन मिनिटांत होते.

मतदानाच्या दिवशी केंद्रात पहिला अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्याने वाचतो, म्हणजे एजंटांना हरकत असेल तर घेता येते. दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावतो आणि नोंदवहीत सही घेतो. तिसरा कंट्रोल युनिटचे बटण दाबून यंत्र मोकळे करतो. पडद्याआड गेल्यावर बटण दाबले की शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागे एक चिठ्ठी सात सेकंद दिसते, तिच्यावर उमेदवाराचे नाव आणि निशाणी. मग ती कापली जाऊन पेटीत पडते. २०१७ मध्ये राज्यातल्या सगळ्या मतदारसंघांत व्हीव्हीपॅट वापरणारे गोवा हे देशातले पहिले राज्य ठरले. ती सात सेकंदे चिठ्ठी वाचण्यासाठीच दिलेली आहेत. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेला असेल, तर भांडून परत जाऊ नका. ओळख पटवल्यावर मतदान केंद्राध्यक्ष तुम्हाला कागदी मतपत्रिका देतात, ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवली जाते.

सगळेच उमेदवार नकोसे वाटले तर २०१३ पासून नोटाचे बटण आहे. त्याची मर्यादा माहीत असावी. नोटाला सर्वाधिक मते पडली, तरी उमेदवारांत ज्याला जास्त मते तोच विधानसभेत जातो. नोटा ही नाराजीची नोंद आहे, नकाराधिकार नाही. त्यापेक्षा मतदानाच्या आधी आठवडाभर उमेदवारांची शपथपत्रे वाचण्यात वेळ घालवणे जास्त फळते. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण ही माहिती विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला द्यावी लागते आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावर असते. पाच वर्षांपूर्वीचे शपथपत्र शेजारी ठेवून वाचले, तर भाषणांत न सांगितलेले बरेच काही कळते.

२०२७ चे वेळापत्रक

गोवा विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते आणि ऑगस्ट २०२२ मध्ये निवडून आलेल्या पंचायतींची मुदतही त्याच वर्षी. म्हणजे डिचोली-पेडण्यातल्या तरुणाला एका वर्षात आमदार आणि पंच असे दोन्ही हिशेब करायचे आहेत. विधानसभेला मांडवीपलीकडच्या मोठ्या नेत्यांच्या सभा होतील, वाहने फिरतील, उत्साह असेल. पंचायतीला उमेदवार शेजारचाच असेल, त्याला रोज तोंड द्यावे लागेल, आणि म्हणूनच तिथे विचार करून मत देणे अधिक कठीण जाईल. पण आपल्या मताचे वजन तिथेच सर्वाधिक आहे.

तोपर्यंत करण्यासारखी कामे फार नाहीत. यादीत नाव तपासायचे, नसेल तर फॉर्म ६ भरायचा. वाड्यावर ज्यांना नुकतेच अठरावे लागले आहे, त्यांचेही फॉर्म भरून घ्यायचे. पुढची ग्रामसभा कोणत्या रविवारी आहे ते पंचायतीच्या फलकावर पाहायचे आणि एक विषय लिहून, नीट अभ्यास करून तिथे मांडायचा. डिचोलीत ३१८ चा फरक होता. मुळगावसारख्या गावात वीस जणांनी मिळून हे काम मनावर घेतले, तर पुढच्या निकालात त्यांची गणती प्रत्येक उमेदवाराला करावी लागेल.